न्हाणी ट्रॅप : मोरीच्या वासाचा इतिहास

एप्रिल-मे महिन्यांत आमच्या दुकानात एक गिऱ्हाईक हमखास येते. चेहरा त्रासलेला, आवाज थोडा खाली. "बेसिनमधून वास मारतो हो. घरात पाहुणे यायचेत. काहीतरी जालीम ॲसिड द्या." शेवगावात माझे हार्डवेअरचे दुकान आहे. वडिलांच्या पश्चात कॉलेज पहिल्याच वर्षी सुटले आणि मी गल्ल्यावर बसलो, त्याला आता पस्तीस वर्षे होत आली. त्यातली पहिली वीस वर्षे मी अशा गिऱ्हाइकाला मुकाट्याने ॲसिडची बाटली आणि डांबरगोळ्यांची पुडी देत आलो. आता मी आधी एक प्रश्न विचारतो : "मध्यंतरी गावाला गेला होतात का?"

दहांतले निम्मे लोक 'हो' म्हणतात, आणि निम्म्यांचा प्रश्न तिथेच सुटतो. तो का सुटतो, हे शोधता शोधता मी इतिहासाच्या एका बोळात शिरलो. संशोधक म्हणून माझ्याकडे पदवी नाही. वाचनालयातली पुस्तके, जुने सरकारी अहवाल आणि समोरच्या फळीवरचा माल एवढीच साधने. पण या विषयापुरती ती पुरेशी ठरली.

शब्दापासून सुरुवात

सुरुवात एका शब्दाने झाली. बाथरूमच्या जमिनीत जाळीखाली जो वाडग्यासारखा भाग बसवतात, त्याला घाऊक व्यापाऱ्याच्या बिलावर 'नहानी ट्रॅप' असे लिहिलेले असते. आमचे प्लंबर त्याला 'नानी ट्रॅप' म्हणतात. एका पोराने मला विचारलेही, "शेठ, ही नानी कोणाची?" मी हसलो, पण उत्तर मलाही येत नव्हते. इंग्रजी शब्द असेल असे वाटून इंग्रजी कोश पाहिला, तिथे तो नव्हता. मग उलगडा झाला. तो इंग्रजी नव्हताच. ती आपली न्हाणी. न्हाण्याची जागा, ती न्हाणी. इकडे आलेल्या इंजिनिअरांनी घरात अंघोळीची जागा कोणती असे विचारले असेल, तेव्हा मिळालेला हा शब्द त्यांनी नकाशात उतरवून घेतला, असा माझा तर्क आहे. आज भारतातल्या बांधकामाच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांत तो ठाण मांडून बसला आहे. पंजाबातला किंवा तामिळनाडूतला इंजिनिअरिंगचा विद्यार्थी हा शब्द पाठ करतो आणि त्याचा अर्थ मात्र मराठी आजीला ठाऊक असतो.

शब्द आपला, पण वस्तू आपली नाही. 'न्हाणी' आणि 'ट्रॅप' या दोन शब्दांच्या मध्ये दीडशे वर्षांचा आरोग्याचा, गैरसमजांचा आणि जातीचाही इतिहास अडकलेला आहे.

जुनी मोरी

आमच्या जुन्या घरात मोरी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात होती. एक फरशी, तिला उतार, कडेला हातभर उंच आड आणि भिंतीच्या पायथ्याशी एक भोक. जवळ रांजण आणि घंगाळ. भोकातून पाणी थेट परसात जाई आणि तिथे अळू, कर्दळ, केळ त्यावर पोसलेली असत. १९७२ च्या दुष्काळातही केळीला हिरवे पान होते ते या पाण्यावर, असे आई सांगत असे. मोरीला ट्रॅप नव्हता आणि त्याची गरजही नव्हती. कारण बंद नळीच नव्हती. भांडी राखेने घासली जात, अंग डाळीच्या पिठाने, केस शिकेकाईने. पाणी थोडे, उतार मोकळा, पलीकडे ऊन आणि माती. कुजायला लागतो तो काळोख आणि साचलेपणा तिथे मिळत नसे.

हे वर्णन करताना जुने ते सोने असे मला म्हणायचे नाही. परस ज्याच्याकडे होते त्याचे हे सुख. ज्याचे दार थेट बोळात उघडे, त्याची मोरी बोळातल्या गटारात जाई आणि ते गटार कोणी काढायचे हे जन्मानेच ठरलेले असे. वास आपल्या घरात नव्हता, याचा अर्थ तो नव्हताच असा नाही. तो दुसऱ्याच्या दारात होता.

घड्याळजीची युक्ती

ट्रॅप जन्माला आला लंडनमध्ये. अलेक्झांडर कमिंग हा स्कॉटिश घड्याळजी. १७७५ साली त्याने शौचकूपाच्या एका रचनेचे पेटंट घेतले. त्यातली खरी युक्ती नळीच्या वाकात होती. नळी इंग्रजी 'एस' अक्षरासारखी वळवली की पाणी ओतल्यावर थोडे पाणी वाकात राहते. हे चार बोटे पाणी म्हणजे दरवाजा. वरून येणाऱ्या पाण्याला तो वाट देतो, खालून येणाऱ्या वायूला देत नाही. त्यात झडप नाही, स्प्रिंग नाही, गंजणारे काही नाही. अडीचशे वर्षे झाली, तरी मूळ कल्पनेत बदल झालेला नाही. आमच्या दुकानातला बॉटल ट्रॅप, बेसिनखालचा वाकडा पाईप, अंगणातला गल्ली ट्रॅप ही सगळी त्या घड्याळजीचीच नातवंडे.

शोध लागला तरी तो घराघरांत पोचायला शंभर वर्षे लागली, आणि पोचला तो एका चुकीच्या समजुतीच्या खांद्यावर बसून. एकोणिसाव्या शतकात युरोपातले बहुतेक डॉक्टर मानत, की रोग दुर्गंधीतूनच होतात. कुजक्या हवेला ते 'मियाझ्मा' म्हणत. इंग्लंडमधील सार्वजनिक आरोग्याचा मोठा पुरस्कर्ता एडविन चॅडविक याचा तर वास म्हणजेच रोग असा ठाम ग्रह होता. डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ साली ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचे पाणी आणि पटकी यांचा संबंध दाखवला, तरी तो फारसा कोणाला पटला नाही. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदी इतकी नासली, की नदीकाठच्या पार्लमेंटला चुन्याच्या क्लोराइडात भिजवलेले पडदे लावावे लागले. त्यानंतर जोसेफ बॅझलजेट यांच्या देखरेखीखाली लंडनची प्रचंड भुयारी गटारे बांधली गेली. गटारे बांधली वास घालवायला, प्रत्यक्षात थांबली पटकी. कारण मैला पिण्याच्या पाण्यापासून दूर गेला.

पण भुयारी गटारांनी एक नवी अडचण निर्माण केली. आता प्रत्येक घराची मोरी एका अखंड काळ्या पोकळीला जोडली गेली. १८७१ साली युवराज एडवर्ड विषमज्वराने मरता मरता वाचला आणि तो ज्या घरात पाहुणा होता तिथल्या मोऱ्यांवर ठपका आला. त्यानंतर श्रीमंत घरांत नळ्या, ट्रॅप आणि हवानळ्या यांची तपासणी हा एक ध्यासच झाला.

मुंबई, १८९६

हीच समजूत बोटीने मुंबईत उतरली. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात पाणीपट्टीच्या जोडीला 'हलालखोर कर' असा एक कर होता. हलालखोर म्हणजे शहराचा मैला वाहणारी माणसे. त्यांचे नाव कायद्यात आले, पण कराच्या रूपाने.

सप्टेंबर १८९६ मध्ये मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचे रोगी ओळखले. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँगमध्ये सापडला होता. तरीही पालिकेचा पहिला हल्ला झाला तो गटारांवर. समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक ॲसिड गटारांत सोडले गेले, भिंतींना चुना फासला गेला, घरांची कौले काढून ऊन आत घेतले गेले. वास मारला की रोग मरेल, हा हिशेब होता. त्या माऱ्याने गटारातले उंदीर उलट घरांत शिरले असावेत, असे मत पुढे मांडले गेले. उंदरांवरची पिसू हा रोग पसरवते, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत दाखवले, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी दहा वर्षे गेली.

या काळातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. सक्तीच्या उपायांनी घाबरून लोक मुंबई सोडू लागले, तेव्हा पालिकेला सर्वांत मोठी धास्ती होती ती हलालखोर आणि झाडूवाले निघून जातील याची. ते गेले तर शहर एक दिवसही राहण्याजोगे उरणार नाही, हे आयुक्त स्नो यांना कळत होते, आणि सक्ती सैल करण्यामागे हे एक कारण होते. ज्यांना शहराने कधी घरात घेतले नव्हते, त्यांच्यावर ते शहर उभे होते, हे त्या महिन्यात कागदावर आले. पुण्यात त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी वारल्या.

कार्बोलिक ॲसिडचीही एक कथा आहे. ते दगडी कोळशाच्या डांबरातून निघते. इंग्लंडमधल्या कार्लाईल गावी ते मैल्याचा वास घालवायला वापरत, हे वाचून जोसेफ लिस्टर यांनी ते जखमांवर वापरून पाहिले आणि १८६७ पासून शस्त्रक्रियेचा चेहरा बदलला. म्हणजे मोरीच्या वासावरच्या उपायातून निर्जंतुक शस्त्रक्रिया निघाली. आपण बेसिनच्या जाळीवर ठेवतो ती डांबरगोळी नॅफ्थलीनची. तेही त्याच डांबरातले. फरक इतकाच, की लिस्टरने जंतू मारले, आपण फक्त नाकाला फसवतो.

इंदूरची दिवाळी

दिवाळी अंकात सांगावी अशी एक हकीकत याच मालिकेत येते. आमच्या जिल्ह्यातल्या चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाईंच्या होळकर घराण्याचे इंदूर. तिथे प्लेगची साथ असताना पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश नगररचनाकार आला. हाच पुढे १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक झाला. खर्चिक भुयारी गटारे हाच एक उपाय, असे मानणाऱ्या इंजिनिअरांशी त्याचे सतत वाजत असे. सांडपाणी दूर नेऊन टाकण्यापेक्षा बागांना द्या, असे तो म्हणे. म्हणजे माझ्या आईची केळ.

१९१७ च्या दिवाळीत त्याने इंदुरात एक मिरवणूक काढली. जो भाग सर्वांत स्वच्छ होईल तिथून मिरवणूक जाईल, असे आधीच जाहीर केले. लोकांनी घरे झाडली, रंगवली, बोळ उपसले. मिरवणुकीत प्लेगचा राक्षस होता, अवाढव्य उंदीर होता, आणि स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, फुलांचे हार घेऊन चालणारे शहराचे सफाई कामगार होते. नरकासुराच्या वधाच्या दिवसांत नरक रोज उपसणाऱ्यांना मान देण्याची ही कल्पना एका परदेशी माणसाला सुचली. आपण पहाटे अभ्यंगस्नान करतो, ते पाणी ज्याच्या हातून पुढे जाते त्याला आपल्या सणात जागा कुठे आहे, हा प्रश्न तेव्हापासून तसाच आहे.

कोरडा ट्रॅप

मियाझ्माची समजूत चुकीची ठरली. मग ट्रॅपही निरुपयोगी ठरला का? या प्रश्नाचे उत्तर २००३ साली हाँगकाँगने दिले. तिथल्या अमॉय गार्डन्स या तेहतीस मजली इमारतींच्या वसाहतीत सार्सचे ३२१ रुग्ण आढळले. तपासात जे दिसले ते आमच्या धंद्यातल्या माणसाला सहज कळेल. बाथरूमच्या जमिनीतले ट्रॅप कोरडे होते. लोक फरशी धुण्याऐवजी पुसत होते, त्यामुळे वाकात पाणी उरले नव्हते. पंखा लावला की तो गटारनळीतली हवा घरात ओढी आणि तिच्याबरोबर विषाणू वाहून नेणारे सूक्ष्म थेंब. चॅडविक चुकला होता, पण त्याच्या काळात घरोघर पोचलेले ते चार बोटे पाणी योग्य होते.

आता शेवगावचे पाहा. नाथसागर आमच्या तालुक्याच्या उंबरठ्यावर, तरी नळाला पाणी रोज येत नाही. उन्हाळ्यात ट्रॅपमधले पाणी उडून जाते आणि आपण सांडपाणी वाचवतो म्हणून ते पुन्हा भरत नाही. ज्या देशात पाऊस बारा महिने रिपरिपतो तिथला पहारेकरी आपण आणला. त्याला रोज पाणी पाजावे लागते, हे सांगायचे राहून गेले. सुट्टीहून परतलेल्या गिऱ्हाइकाला मी म्हणतो, "ॲसिड राहू द्या. घरातल्या प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता आणि उद्या सांगा."

उरलेल्या निम्म्यांचा प्रश्न नळीच्या आतला असतो. साबण, टूथपेस्ट, केस, अंगाचा मळ यांचा बुळबुळीत थर आत बसतो. आमच्याकडचे बोअरचे पाणी जड, त्यात साबण फुटतो आणि त्याचा साका नळीला धरतो. त्या थरात हवा पोचत नाही, तिथले जंतू गंधकाच्या क्षारांवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. नासक्या अंड्याचा वास तो हाच. त्यावर ॲसिड ओतले तर थरात अडकलेला सल्फाइड वायूच्या रूपात एकदम बाहेर पडतो आणि वास वाढतो. ॲसिडपाठोपाठ ब्लीचिंग पावडर टाकली तर क्लोरीन निघतो, तो जिवावर बेतू शकतो. उपाय साधा आहे : बेसिनखालचा बॉटल ट्रॅप हाताने फिरवून काढायचा, खाली बादली धरायची, ब्रशने थर घासायचा आणि वायसर नीट बसवून परत लावायचा. बेसिनच्या कडेला पाणी भरून सांडू नये म्हणून जे छोटे भोक असते, तेही आतून घासायचे. ते सगळे विसरतात. खालचा पाईप जमिनीतल्या भोकात नुसता खुपसलेला असेल, त्याला वाकच नसेल, तर ॲसिडचा कारखाना ओतला तरी वास जाणार नाही. लांब गावाला जाताना ट्रॅपमध्ये पाण्यावर चमचाभर गोडेतेल सोडले, तर पाणी लवकर उडत नाही.

तोच वायू, दुसरे टोक

इथे लेख संपवता आला असता. पण मी ॲसिड विकणे कमी केले ते वेगळ्या कारणाने.

काही वर्षांपूर्वी दोघे भाऊ दुकानात दोर आणि बादली घ्यायला आले. कुठल्याशा घरची सेप्टिक टाकी उपसायची होती. मी दोर मापून दिला, पैसे घेतले. दोन दिवसांनी थोरला एकटा आला. धाकटा टाकीत उतरला आणि कोसळला होता. त्याच दोराने ओढून काढले म्हणून वाचला. मी विचारले, "वास नाही आला का रे?" तो म्हणाला, "पहिला आला शेठ, मंग गेला. आम्हाला वाटलं, हवा लागली, साफ झालं."

या वाक्याचा अर्थ मला नंतर वाचनातून कळला. हायड्रोजन सल्फाइड हवेच्या दहा लाख भागांत एका भागाहूनही कमी असला तरी नाकाला कळतो. शंभर भागांच्या आसपास पोचला की नाकच बधिर होते आणि वास येणे थांबते. पाचशेच्या पुढे माणूस काही मिनिटांत शुद्ध हरपतो. म्हणजे बेसिनपाशी आपल्याला जो वास येतो तो निरुपद्रवी प्रमाणातला. टाकीत माणूस मरतो तेव्हा त्याला वास येत नसतो.

१९९३ साली हाताने मैला उपसण्यावर बंदी घालणारा कायदा झाला, २०१३ साली दुसरा, अधिक कडक. गटारात किंवा सेप्टिक टाकीत सुरक्षेच्या साधनांविना माणूस उतरवणे त्याने गुन्हा ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी अशा मृत्यूंसाठी दहा लाख रुपये भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाखांवर नेली. रक्कम वाढवावी लागते, याचाच अर्थ माणसे अजून उतरत आहेत. उतरणारे बहुतेक त्याच जातींतले असतात, ज्यांच्या नावाने मुंबईत कर होता.

त्या दिवसापासून टाकी उपसायला दोर मागणाऱ्याला मी दोर देत नाही. आधी घरमालकाचा फोन मागतो आणि उपसणाऱ्या पंपाच्या गाडीचा नंबर त्याला देतो. काही जण चिडून दुसऱ्या दुकानात जातात. तिथे दोर मिळतोच. एका दुकानदाराने इतिहास बदलत नाही, हे मला कळते.

तरी या विषयाच्या शोधातून मला एवढे हाती लागले. वास हा शत्रू नाही, तो निरोप आहे. लंडनने, मुंबईने आणि आपणही त्या निरोप्यालाच मारत आलो. कधी कार्बोलिकने, कधी डांबरगोळीने. निरोप साधा असतो : कुठेतरी पाणी आटले आहे, कुठेतरी थर साचला आहे, आणि या नळीच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी माणूस आहे.

यंदा नरक चतुर्दशीला पहाटे अंघोळ झाली की घरातल्या वापरात नसलेल्या प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता. घरातल्या लहान मुलाने विचारले, हे कशाला, तर त्याला सांगा. आणि टाकी उपसायची असेल, तर दिवाळीनंतर गाडी बोलवा. माणूस उतरवू नका.